एकशेएक हॉर्सपॉवर

आमच्या घरी आधी ट्रक उठायचा, मग माणसं. लोधिवलीच्या अलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचं कौलारू घर होतं. शेजाऱ्यांच्या अंगणात बैलगाडी असायची, आमच्या अंगणात सहा चाकांचा ट्रक. पहाटे काशिकाका यायचा, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवून जरा वेळ उभा राहायचा आणि मग वर चढून चावी फिरवायचा. इंजिन आधी खोकायचं, मग घरघरायचं, मग एका लयीला लागायचं. तोवर आईचा तवा तापलेला असायचा. तांदळाच्या भाकऱ्या थापण्याचा तिचा आवाज आणि इंजिनाचा आवाज माझ्या कानात असे एकमेकांत मिसळून गेले आहेत की आजही कुठे डिझेलचं इंजिन थंडीत सुरू झालं, की मला उकड काढलेल्या पिठाचा वास येतो. थंडीच्या दिवसांत आई दह्याचं विरजण केबिनमध्ये ठेवायची. संध्याकाळी गाडी आली की ड्रायव्हरच्या शेजारचं इंजिनाचं झाकण बराच वेळ ऊबदार असायचं, त्यावर गोधडीत गुंडाळलेलं पातेलं. सकाळी काशिकाका ते दोन्ही हातांनी उचलून आईकडे द्यायचा आणि म्हणायचा, "वैनी, आज दही घट्ट हाय, म्हंजे काल गाडी लय तापली."

काशिकाका आमचा नात्याचा कुणी नव्हता. तो आणि माझे बाबा पोरवयात एकाच मालकाच्या ट्रकवर क्लीनर होते. बाबांनी पुढे स्वतःचा ट्रक घेतला, काही वर्षं स्वतः चालवला, आणि पाठीचं दुखणं लागलं तेव्हा स्टिअरिंग काशिकाकाच्या हाती दिलं. चारचौघांत तो बाबांना बाळारामशेट म्हणायचा. अंगणात दोघंच असले की बाळ्या. त्याची बायको हिराकाकी माझ्या आईबरोबर भाताच्या लावणीला जायची आणि त्याची मुलगी सविता सातवीपर्यंत माझ्या बाकावर होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली, माझी सुटली नाही. इतकाच तेव्हा आमच्यातला फरक होता आणि मला तो फार मोठा वाटायचा.

इंजिनाबद्दलचं पहिलं ज्ञान मला काशिकाकानेच दिलं. मी नववीत असताना त्याला विचारलं होतं की हॉर्सपॉवर म्हणजे काय. तो चाकाच्या नटावर पाना लावून त्यावर पाय देऊन उभा होता. म्हणाला, "ह्यो पाना मी दाबतोय, नट हलत नाय, पर जोर लागतोय ना? त्यो पीळ. इंग्रजीत टॉर्क म्हणतात. आन नट फिरला, भराभरा फिरला, तर किती झपाट्यानं काम झालं, ती हॉर्सपॉवर. अडलेली गाडी उचलायला पीळ लागतो. उचलल्यावर पळवायला हॉर्सपॉवर." मी पुढे तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. याहून सोपं मला कधी सांगता आलं नाही. वर्गात मी हेच उदाहरण द्यायचे. कुणाचं आहे ते मात्र सांगायचे नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात मी होते तेव्हा घरात माझ्या लग्नाचं चालू झालं. पेणकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत होता, माणसं चांगली होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. बाबा माझ्या शिकण्याच्या विरुद्ध नव्हते, पण त्याचा उपयोग काय हे त्यांना कळत नव्हतं. घरी अभ्यासाला बसले की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "ह्याचं पुढं काय करायचं असतं गं?" मला उत्तर देता यायचं नाही. पावसाळ्याआधी लग्न उरकावं असं घरात ठरत आलं होतं.

त्याच हिवाळ्यात काशिकाका म्हणायला लागला की गाडी ओढत नाही. आमचा ट्रक डोंगराच्या पायथ्याच्या खाणीतून खडी भरून कर्जतकडच्या कामांवर न्यायचा. वाटेत टाकीची चढण लागायची. पाण्याच्या टाकीपाशी सुरू होऊन एका वडापर्यंत जाणारी, फार लांब नाही, पण सरळसोट. आधी तिथे गाडी गुरगुरत का होईना निघून जायची. आता काशिकाका म्हणायचा, "दम हाय, पीळ नाय. अन् आवाजात एक ठोका कमी पडतोय." बाबांनी एकदा-दोनदा ऐकून घेतलं. इंजिन खोलायचं म्हणजे गाडी महिनाभर गॅरेजला, आणि खडीचं काम पावसाच्या आत संपवायचं होतं. खाणीचा मुकादम रोज तगादा लावायचा की तुमच्या गाडीच्या खेपा कमी पडतात. मग एके दिवशी काशिकाकाने भरलेली गाडी चढणीच्या मध्यावर थांबवली, मागच्या चाकाला दगड लावला आणि अर्धी खडी रस्त्याच्या कडेला उतरवून घेतली. मागे दहा गाड्या अडकल्या. मुकादम बाबांना म्हणाला, "तुमचा ड्रायव्हर म्हातारा झाला, बाळारामशेट. चढण बघून भितो."

काशिकाका तेव्हा पन्नाशीचाही नव्हता.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले. ताटात वालाचं बिरडं होतं, त्यांच्या आवडीचं, तरी त्यांनी भात परत घेतला नाही. शेवटी आईला म्हणाले, "काशीचं खरं धरावं तर गाडी बंद करायला लागंल. मुकादमाचं खरं धरावं तर काशीला. गाडीच्या पोटात शिरून कोण बघणार?"

"मी मोजू शकते," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागले. चढणीचा चढ किती ते मोजायचं. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं. ठरलेलं अंतर ती एकसारख्या वेगाने किती सेकंदांत चढते ते बघायचं. एवढं वजन एवढ्या वेळात एवढं वर न्यायला किती ताकद लागली ते गणिताने निघतं, त्यात रस्त्यावर चाकं रेटायला लागते ती थोडी मिळवायची. जी येईल ती चाकाशी पोचलेली हॉर्सपॉवर. ती गाडीच्या वेगाने भागली की चाकं गाडीला किती बळाने रेटतात ते कळतं, आणि ते बळ चाकाच्या त्रिज्येने गुणलं की चाकाशी असलेला पीळ. बाबा जेवायचे थांबले होते. माझ्या शिकण्याचं पुढे काय करायचं असतं, याचं उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते त्यांच्याच अंगणात उभं होतं.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून स्टॉपवॉच मागून आणलं. गावातल्या गवंड्याकडून त्याची पाण्याची नळी आणली, जिच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. त्या नळीने आई आणि मी दुपारच्या उन्हात चढण मोजली. दर दहा मीटरला सत्तर सेंटिमीटर. दोनशे मीटरच्या दोन टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. आईने पदर खोचला होता आणि ती रस्त्यावरच्या माणसांना अभिमानाने सांगत होती, "पोरगी गाडीची ताकद काढतेय."

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये काशिकाकाच्या शेजारी बसले. खाणीतून गाडी भरली, वजनकाट्यावर गेली, काट्यावरच्या माणसाने चिठ्ठी दिली, ती मी वहीत ठेवली. काशिकाका मजेत होता. त्याला वाटत होतं की मी त्याच्या बाजूने मोजायला आले आहे. चढण सुरू झाली तसा त्याने गिअर बदलला, पाय पूर्ण दाबला आणि म्हणाला, "बघ, आता माझा पाय पाटीला टेकलाय. ह्याच्या खाली जागा नाय. नंतर म्हणू नको काकानं पाय वर धरला." पहिली रेघ आली, मी घड्याळ दाबलं. सत्तेचाळीस सेकंदांनी दुसरी.

"आता कान लाव गं बाय," तो म्हणाला. "पाच ठोके भरलेले, एक रिकामा. ऐकू येतो?"

मला काही ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मी म्हटलं, "काका, कानाने हॉर्सपॉवर मोजत नाहीत."

तो हसला. त्याला राग आला असावा असं मला आज वाटतं, पण तो हसला.

घरी येऊन मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं. चिठ्ठीवर साडेपंधरा टन होते. रिकामी गाडी साडेपाच टनांची, हे बाबांनी सांगितलेलं. बेरीज एकवीस. चढ, अंतर, वेळ घातला. उत्तर आलं एकशेएक हॉर्सपॉवर. कंपनीच्या पुस्तकात इंजिनाची ताकद एकशेदहा लिहिली होती. दोन आकडे इतके जवळ बघून मला जो आनंद झाला तो मी विसरलेले नाही. आकडा जुळला की तो खरा, असं तेव्हा मला वाटायचं. आता कुणाचा आकडा फार छान जुळला की मला आधी शंका येते. माझ्या नातवाच्या फोनमध्ये असलं गणित करणारं ॲप आहे, तो मला मोटारीत बसवून आकडे वाचून दाखवतो. मी त्याला विचारते, वजन कुठलं धरलंस? तो म्हणतो, आजी, तू नेहमी एवढंच का विचारतेस?

बाबा मला नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात घेऊन गेले. बायका तिथे बसत नसत. मी खुर्चीच्या काठावर टेकले. मुकादम होता, दोन-तीन दुसरे ट्रकवाले होते, आणि बाकावर भिंतीकडे टेकून काशिकाका बशीतून चहा पीत होता.

"सांग गं निमा, काय आलं तुझ्या गणितात," बाबा म्हणाले.

"चाकाशी एकशेएक हॉर्सपॉवर," मी म्हटलं. घरी मी हाय-नाय बोलायचे, तिथे मुद्दाम पुस्तकी बोलले. "पुस्तकात इंजिनाची एकशेदहा दिली आहे."

"म्हंजे गाडी ठणठणीत," मुकादम म्हणाला.

"गाडीत काही दोष नाही."

"मग दोष कशात हाय?"

इथे मी गप्प बसू शकले असते. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, बाबांच्या डोळ्यांत मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि माझ्या तोंडून एक चतुर वाक्य निघालं. "मी गाडीचा आकडा काढला," मी म्हटलं. "ड्रायव्हरचा काढता येत नाही."

सगळे हसले. बाबाही हसले. काशिकाकाने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि शांतपणे म्हणाला, "पोरीनं मेहनत केली." मग तो उठून गाडीकडे गेला. त्या आठवड्याची कामं त्याने पूर्ण केली. शनिवारी विहिरीवरून पाणी आणून गाडी टायरांपर्यंत धुतली, केबिनमधली आपली चादर आणि देवाची तसबीर घेतली आणि बाबांना सांगितलं की सोमवारपासून दुसरा माणूस बघा. बाबा म्हणाले, "काशी, एवढं काय मनाला लावून घेतो?" तो म्हणाला, "मनाचं नाय. गाडीला मी नको, तुमाला गाडी पायजे." बाबांना शेट तो म्हणाला नाही, बाळ्याही म्हणाला नाही. महिन्याच्या आत ते कुटुंब नेरळला गेलं. तिथे एका मुंबईकराने आंब्याची बाग घेतली होती, तिच्या राखणीचं काम त्याला मिळालं.

तो कॅलेंडरचा कागद मी कॉलेजात आमच्या सरांना दाखवायला नेला. शाबासकीसाठीच नेला, दुसरं कारण नव्हतं. सरांनी तो उभ्यानेच वाचला, मग बसले.

"चाकाशी एकशेएक," ते म्हणाले. "इंजिनापासून चाकापर्यंत येताना वाटेत किती जाते?"

"थोडी जाते सर. गिअरमध्ये, दांड्यात."

"शंभरातली पंधरा तरी जाते. म्हणजे तुमचं इंजिन एकशेवीसच्या आसपास देतंय. कारखान्यातून निघालं तेव्हा एकशेदहा, आणि म्हातारपणी एकशेवीस?" ते माझ्याकडे न बघता कागदावर बोट फिरवत होते. "हे एकवीस टन कुठून आले?"

मी वहीतून चिठ्ठी काढली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाडीसह वजन. साडेपंधरा टनांत गाडी होतीच. मी ती दुसऱ्यांदा मिळवली होती.

सरांनी पेन माझ्या हातात दिलं. मी पुन्हा गणित केलं. एकशेएकचे पंच्याहत्तरसुद्धा होईनात. चांगल्या गाडीला नव्वदीच्या पुढे यायला हवे होते. चाकं गाडीला रेटत होती ते बळ अठराशे किलोवरून तेराशेवर आलं, पीळही तितकाच घसरला. सहा सिलिंडरांच्या इंजिनात जणू एक सिलिंडर नुसता फिरत होता. पाच ठोके भरलेले, एक रिकामा. सर म्हणाले, "घरी जाऊन सांग. इंजिन खोलून बघायला हवं. चूक सगळ्यांची होते." ते चांगले होते. त्यांना माहीत नव्हतं की या चुकीला एक माणूस जोडलेला आहे, आणि मी त्यांना ते सांगितलं नाही.

सांगायचं असं ठरवूनच मी घरी आले होते. घरी कुणी नव्हतं. मागच्या शेतात पोपटी लावली होती. माठात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वांगी, मीठ, आणि माठ उपडा करून भोवती पेंढ्याचा जाळ. आई, बाबा, चुलते, चुलतभावंडं सगळी गोल बसली होती. अजून उजेड होता. पाल्याचा कडसर वास वर येत होता. मला बघून बाबा उठले, स्वतःच्या जागेवर त्यांनी मला बसवलं, माझ्या पुढ्यात केळीच्या पानावर शेंगा ओतल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेणच्या पावण्यांना मी नाय म्हणून कळवलं. ही आमची शिकणार. मुंबईला जायचं म्हणाली तर मुंबईला. ज्या पोरीनं ट्रकाची ताकद काढली, तिला मी चुलीपुढं बसवीन का?"

आई रडत होती आणि हसत होती. मी शेंग सोलली. दाणे गरम होते, बोटांना चटका बसला. कागद माझ्या पिशवीत होता, पिशवी खांद्याला होती. मी शेंगा खाल्ल्या.

पुष्कळ वर्षं मी मनाला सांगत आले की त्या संध्याकाळी बोलले असते तर माझं शिक्षण थांबलं असतं. थांबलं असतं की नाही, ते मला ठाऊक नाही. बाबा तसे होते का? कदाचित ते म्हणाले असते की चूक झाली, चल काशीकडे जाऊ. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

फाल्गुनात नव्या ड्रायव्हरच्या हाती ट्रक टाकीच्या चढणीवर बंद पडला. सुदैवाने हँडब्रेक धरला आणि कुणाला इजा झाली नाही. खोपोलीच्या मिस्त्रीने इंजिन खोललं, तेव्हा मी बाबांबरोबर होते. मिस्त्रीने एका पिस्टनच्या तुटलेल्या रिंगा हातावर ठेवून दाखवल्या. "हे जुनं दुखणं हाय, शेट," तो म्हणाला. "चार-पाच महिने तरी हा सिलिंडर काम करत नव्हता. तुमचा ड्रायव्हर बोलला नाय कधी?"

मला वाटलं, आता सगळं आपोआप उघडं पडेल, मला काही करावं लागणार नाही. पण बाबांनी मान हलवली. "चार-पाच महिने कसे होतील? माझ्या पोरीनं पौषात मोजली व्हती. एकशेएक भरली. ह्यो बिघाड त्याच्या नंतरचा." मिस्त्रीने माझ्याकडे आदराने पाहिलं. तुटलेल्या रिंगा त्याच्या तळहातावर होत्या आणि त्यांच्यापेक्षा माझा आकडा खरा ठरला होता. मी तेव्हाही बोलले नाही. पहिल्यांदा गप्प राहिले ते भीतीने होतं. या वेळी कसली भीती होती ते मला आजही सांगता येत नाही.

परीक्षा संपल्यावर घरी मैत्रिणीचं नाव सांगून मी नेरळला गेले. बागेच्या कुंपणाशी एका खोलीत ते राहत होते. हिराकाकीने मला बघून पाट मांडला, भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, वर ताक दिलं. ती आमच्या आईची, गाईची, विहिरीच्या पाण्याची चौकशी करत राहिली. ती भांडी घासायला बाहेर गेली तेव्हा मी काशिकाकाला म्हटलं, "काका, मी वजन दोनदा धरलं."

"म्हंजे?"

मी समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकलं, मध्ये एकदा विचारलं की चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलं होतं. मग म्हणाला, "मग खरा आकडा किती?"

"पंच्याहत्तरच्या आत."

त्याने मान हलवली. हिशोब पटल्यासारखी. बाहेर काकी राखेने तवा घासत होती.

"बाळ्या काय बोलला?" त्याने विचारलं.

"बाबांना सांगितलं नाही अजून."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग मला कशाला सांगतीस गं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "मला तर ठाऊकच व्हतं. ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांग."

एस.टी.च्या थांब्यापर्यंत तो मला सोडायला आला. खिडकीची जागा धरून दिली, बस सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला. मी मन हलकं करायला गेले होते, तशी हलकी होऊन आलेही, आणि त्या हलकेपणाची मला नंतर फार लाज वाटली. चूक कबूल करायला मी असा माणूस शोधला होता, ज्याच्यासमोर माझं काहीच जाणार नव्हतं.

बाबांना मी कधीच सांगितलं नाही. मी मुंबईला शिकले, शिक्षिका झाले, लग्न होऊन कर्जतला आले. बाबा म्हातारपणी येणाऱ्याजाणाऱ्याला ट्रकाची गोष्ट सांगायचे. आकडा दर खेपेला तोच, एकशेएक. सांगताना माझ्याकडे बघायचे, आणि मी खाली बघायचे. लोकांना वाटायचं मी विनयशील आहे. बाबा गेले तेव्हा काशिकाका नेरळहून आला, तिरडीला खांदा दिला, आणि भाकरीचा तुकडाही न मोडता शेवटच्या गाडीने परत गेला. अलीकडे खालापूरच्या टोलनाक्यावर आमची मोटार थांबते तेव्हा शेजारच्या रांगेत ते अजस्र नवे ट्रक उभे असतात, दारावर हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवलेला. माझे यजमान म्हणतात, बघ केवढी ताकद. मी दुसरीकडे बघते.

काशिकाका गेला त्याला आता तीन पावसाळे झाले. दहाव्याला मी नेरळला गेले. बाग केव्हाच विकली गेली होती, तिथे इमारती आहेत. त्यांपैकीच एकीत सविता राहते, हिराकाकी तिच्याजवळ. घर पाहुण्यांनी भरलं होतं. सविताने मला हाताला धरून आत नेलं आणि तिच्या सुनांना, जावयाला सांगायला लागली, "ह्या निमाताई. लय हुशार. आमचे बाबा ट्रकवर होते ना, तेव्हा ह्यांनी गणितानं ट्रकाची ताकद काढली होती. बाबा म्हणायचे गाडी ओढत नाय, पण गाडी बरोबर होती. बाबांनाच चढणीची भीती बसली होती. तेव्हा कुठं कळायचं असलं सगळं. नायतर भीतीपायी कुठं तरी दरीत गेले असते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती मला मान देत होती. चाळीस वर्षं त्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली गेली होती, बापाच्या भित्रेपणाची, आणि त्यात मी त्यांचा जीव वाचवणारी होते.

मी तिथेच सतरंजीवर बसले आणि सांगितलं. वजन दोनदा धरलं, ते. खरा आकडा किती होता, ते. सरांनी दाखवून दिल्यावरही मी गप्प राहिले, ते. मिस्त्रीच्या तळहातावरच्या रिंगांबद्दल. तिच्या वडिलांना चढणीची भीती कधी नव्हती, गाडीच अधू होती आणि ते त्यांनी पहिल्या दिवसापासून कानाने ओळखलं होतं, ते. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सविताच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिने खाली ठेवला.

"मग नेरळला आल्यावर बाबा आमाला कधी बोलले कसे नाय?" ती म्हणाली.

हिराकाकी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं तिला ऐकू येत नाही.

"बोलायचे," ती म्हणाली. "मला रोज बोलायचे. मीच म्हणायची, ती शिकलेली पोर हाय, ती चुकंल का तुमी?"